शाळा बुडवली म्हणून पोलीस येत नाहीत

सोमवारी मधल्या सुट्टीत एक आई वर्गाच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. हातात मोबाइल, स्क्रीनला कोपऱ्यातून तडा गेलेला, त्यावर एक मेसेज उघडून ठेवलेला. "बाई, हे वाचा ना. खरंय का? माझ्या पोराला पोलीस नेतील का?"

तिचा मुलगा माझ्या वर्गात, सहावीत. एकोणीस दिवस गैरहजर होता. घर पुण्यात पर्वतीच्या उतारावर, जनता वसाहतीत. आई सहकारनगरमध्ये चार घरची धुणीभांडी करते. आम्ही तीनदा फोन केले होते, एकदा घरी जाऊन आलो होतो, तेव्हा दाराला कुलूप होतं. एवढ्या निरोपांनी जी आई आली नाही, ती या एका मेसेजनं धावत आली. कुणी म्हणेल, मग मेसेजनं काम केलंच की! पण त्याच आठवड्यात त्याच गल्लीतल्या दुसऱ्या दोन मुलींच्या घरी मी गेले. एका घराला कुलूप. दुसऱ्या घराच्या बाहेर शेजारीण म्हणाली, "गावाला गेलेत." आतून टीव्हीचा आवाज येत होता. पंधरा-वीस दिवस बुडालेत, आता पाठवलं तर आपण सापडू, या भीतीनं मुलींना घरात बसवून ठेवलं होतं. तो मेसेज वस्तीतल्या सगळ्या ग्रुपवर फिरला होता. म्हणून हे लिहायला बसले.

मेसेज असा आहे. मोठ्या लाल अक्षरांत 'पालकांनो सावधान', आणि खाली: नवीन कायदा लागू झाला आहे. मूल सलग तीस दिवस शाळेत आलं नाही तर नाव पटावरून कायमचं कमी होणार, मग कुठल्याच शाळेत प्रवेश नाही. शाळेच्या वेळेत बाहेर दिसणाऱ्या मुलांना पोलीस उचलून बालसुधारगृहात टाकणार. आईवडिलांना तीन वर्षं तुरुंग आणि एक लाख रुपये दंड. पहिलीपासून ७५ टक्के हजेरी नसेल तर परीक्षेला बसू देणार नाहीत. शेवटी, परदेशात असंच करतात म्हणून तिथली मुलं शिकतात, सर्वांना पाठवा.

एकेक घेते. काही मुद्द्यांना वेळ लागेल, काहींना दोन ओळी पुरतील.

"नवीन कायदा लागू झाला आहे"

नवीन असं काही नाही. सहा ते चौदा वयाच्या मुलांसाठी जो कायदा आहे तो २००९ चा, १ एप्रिल २०१० पासून लागू असलेला. आपण त्याला आरटीई म्हणतो आणि बहुतेकांना त्यातलं फक्त पंचवीस टक्के प्रवेशांचं प्रकरण माहीत असतं. त्याचं पूर्ण नाव बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम. सगळा घोळ यातल्या 'सक्तीच्या' या शब्दानं केलाय. सक्ती म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे छडी येते, दंड येतो, खाकी कपडे येतात. सक्ती मुलावर, नाहीतर त्याच्या आईबापावर, असंच आपण धरून चालतो.

कायदा मात्र हा शब्द वाचणाऱ्याच्या अंदाजावर सोडत नाही. कलम ८ मध्ये त्याचा अर्थ दिलेला आहे. सक्तीचं शिक्षण म्हणजे सहा ते चौदा वयाच्या प्रत्येक मुलाला मोफत प्राथमिक शिक्षण देण्याचं, आणि त्याचा प्रवेश, त्याची हजेरी, त्याचं शिक्षण पूर्ण होणं या तिन्हींची खात्री करण्याचं सरकारवरचं बंधन. हजेरी हा शब्द तिथे आहे, आणि ती ज्याच्या गळ्यात घातलीय ते सरकार आहे. पुढे कलम ९ मध्ये स्थानिक प्राधिकरणाची कर्तव्यं आहेत. आपल्या शहरात ते म्हणजे महानगरपालिका, ग्रामीण भागात जिल्हा परिषद. आपल्या हद्दीत राहणाऱ्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवायची, हजेरीवर लक्ष ठेवायचं, बाहेरगावाहून पोटापाण्यासाठी आलेल्या कुटुंबांच्या मुलांना दाखल करून घ्यायचं. त्यानंतर कलम २४, ते माझ्यासारख्यांचं. शिक्षकानं स्वतः नियमित आणि वेळेवर यायचं, पालकांच्या बैठका घ्यायच्या आणि मुलाच्या हजेरीबद्दल त्यांना सांगायचं.

पालकांचं काय? त्यांच्यासाठी कलम १० आहे. मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य आहे, एवढं ते म्हणतं आणि थांबतं. शिक्षेचं अक्षरही नाही. आणि या कायद्यात दंड नाहीतच असंही नाही. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर वरून देणगी घेतली तर घेतलेल्या रकमेच्या दहापटीपर्यंत दंड आहे. प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी परीक्षा घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत, पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत. मान्यता नसताना शाळा चालवली तर एक लाखापर्यंत, शिवाय चालू राहील त्या प्रत्येक दिवसाला दहा हजार. हे सगळे दंड शाळा चालवणाऱ्यांवर आहेत. संसदेला दंड लिहिता येत होता, तो कुणावर लिहायचा हे तिनं ठरवून लिहिलं.

लोकांच्या मनात पालकांच्या दंडाची गोष्ट येते कुठून, याचं उत्तर जुनं आहे. आपल्याच पुण्यातून जोतीराव फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारनं नेमलेल्या हंटर शिक्षण आयोगापुढे मागणी केली की किमान बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा. बडोद्यात सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ मध्ये सगळ्या संस्थानात सक्ती आणली, तिथे पालकांकडून दंड खरोखर वसूल होत असे. फर्ग्युसनमध्ये शिकवलेल्या गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात सक्तीच्या शिक्षणाचं विधेयक मांडलं आणि मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी पडलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ साली सक्ती केली, तेव्हा मूल न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. ही आपली अभिमानाची परंपरा आहे आणि मी वर्गात ती मुलांना सांगते. पण त्या सक्तीमागे एक हिशेब होता, राजा आधी शाळा काढत होता, वसतिगृहं बांधत होता, आणि मग दंड लावत होता. त्या दंडाची आठवण तेवढी उरली. आज महाराष्ट्रात एक रुपयाची एक वेगळीच योजना आहे. १९९२ पासून, पहिली ते चौथीतल्या दुर्बल घटकांमधल्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता मिळतो, वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये, ७५ टक्के हजेरी असेल तर. रक्कम आज लाज वाटावी इतकी कमी आहे आणि ती वाढलीच पाहिजे. तरी दिशा बघा, पूर्वी न येण्याबद्दल रुपया घेत होते, आता येण्याबद्दल देतात.

"तीस दिवस गैरहजर तर नाव कायमचं कमी"

आमच्या हजेरीपत्रकाशी थेट संबंध असलेला हा मुद्दा, आणि यात खोटं खऱ्याला चिकटवलेलं आहे.

तीस दिवस हा आकडा हवेतून आलेला नाही. बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली, तिचे नियम २०१७ मध्ये आले. त्यात लिहिलंय की शाळेत शिकणारं मूल मुख्याध्यापकांना न कळवता सलग तीस दिवस गैरहजर राहिलं, तर मुख्याध्यापकांनी ही गोष्ट जिल्ह्याच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे या कायद्यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला कळवावी. का? तर ते मूल कुठे कामाला जुंपलं गेलं नाही ना, हे पाहिलं जावं म्हणून. म्हणजे तीस दिवसांनंतर सुरू व्हायला हवा तो मुलाचा शोध.

दुसरा धागा आपल्या राज्यातला. ४ जुलै २०१५ ला महाराष्ट्रभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं होतं. आम्ही शिक्षक स्टेशनवर, सिग्नलवर, बांधकामांवर फिरलो, नोंद झालेल्या मुलाच्या बोटाला शाई लावत होतो. त्या वेळी शाळाबाह्य कोण याची व्याख्या आम्हाला दिली होती. ज्याचं नाव कुठल्याही शाळेत नाही ते मूल, आणि ज्याचं नाव आहे पण जे महिनाभर किंवा जास्त सलग आलेलं नाही तेही मूल. पटावर नाव असूनही महिनाभर न आलेल्याला यंत्रणेनं आपण शोधायच्या मुलांत धरलं.

नाव कमी करण्याबद्दल आरटीई कायदा काय म्हणतो? कलम १६. प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत, म्हणजे आठवीपर्यंत, कोणत्याही मुलाला शाळेतून काढता येत नाही. २०१९ मध्ये या कलमात बदल झाला हे खरं, पण तो पाचवी आणि आठवीत नापास करता येण्यापुरता, तोही दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी देऊन. काढून टाकण्यावरची बंदी जशीच्या तशी आहे. "मग कुठल्याच शाळेत प्रवेश नाही" हेही खोटं. वर्षाच्या मध्येही प्रवेश नाकारता येत नाही, जन्माचा दाखला नाही म्हणूनही नाकारता येत नाही. शाळा सोडल्याचा दाखला मिळायला उशीर झाला तर तेही कारण चालत नाही, उलट दाखला अडवून ठेवणाऱ्या मुख्याध्यापकावर शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. आणि मध्ये दोन-तीन वर्षं शाळा सुटलेलं मूल असेल तर कलम ४ प्रमाणे त्याला वयानुसार वर्गात बसवायचं आणि मागे राहिलेलं भरून काढायला विशेष प्रशिक्षण द्यायचं.

आता कटू गोष्ट. नावं कमी होतात. कायद्यात नसलं तरी होतात. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिच्या आधीच्या शाळेनं आईला बोलावून सांगितलं, एवढे खाडे झालेत तर दाखला घेऊन जा. आईनं अर्जावर अंगठा दिला. कागदोपत्री ती शाळा पालकांनी स्वतःहून सोडवली. पटावर गैरहजर मूल राहिलं की सरासरी उपस्थिती पडते, प्रश्न विचारले जातात. त्यापेक्षा नाव गेलेलं बरं, असं कुणाला तरी वाटतं. म्हणून सांगते, सही किंवा अंगठा देण्याआधी तो अर्ज कुणाकडून तरी वाचून घ्या. 'स्वेच्छेने' असा शब्द असेल आणि तुमची इच्छा नसेल तर देऊ नका. तक्रार महापालिकेच्या शिक्षण विभागाकडे लेखी करता येते, कलम ३२ खाली, आणि त्यांनी ती तीन महिन्यांत निकाली काढायची असते.

दिवाळीनंतर ऊसतोडीला, वीटभट्टीवर जाणारी कुटुंबं तर चार-पाच महिने गायब असतात. त्यांच्यासाठी राज्यात शिक्षण हमी पत्रक आहे. निघताना मूळ शाळेतून ते घ्यायचं, जिथे जाल तिथल्या शाळेत दाखवायचं, मूल वर्गात बसतं. पुण्यात बांधकामांवर आलेल्या मुलांसाठी डोअर स्टेप स्कूलसारख्या संस्था कितीतरी वर्षं साइटवर जाऊन काम करतायत. हे पत्रक निघताना मागून घेणारे पालक मला फार थोडे भेटले. ज्यांना मिळायला हवं त्यांना त्याचं नावही माहीत नसतं, आणि खोटा मेसेज मात्र त्यांच्यापर्यंत तासाभरात पोचतो.

"पोलीस उचलून बालसुधारगृहात टाकणार"

शाळा बुडवणं हा आपल्या देशात गुन्हा नाही. मुलासाठी नाही, कुठल्याच वयाला नाही. जो गुन्हाच नाही त्यासाठी मुलाला बाल न्याय मंडळापुढे उभं करता येत नाही. येरवड्याचं बाल न्याय मंडळ २०२४ मध्ये एका अपघाताच्या प्रकरणामुळे सगळ्यांना माहीत झालं, तेव्हापासून लोक मुलांचं काहीही निघालं की त्याचं नाव घेतात. ते मंडळ गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी आहे.

दुसरी व्यवस्था बालकल्याण समितीची. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल कोण, याची मोठी यादी आहे. बेघर मूल, भीक मागणारं, रस्त्यावर राहणारं, कायदा मोडून कामाला लावलेलं, ज्याचा छळ होतो ते, ज्याचं लहानपणी लग्न लावलं जाण्याची भीती आहे ते. शाळेला दांडी मारून सारसबागेत बसलेलं मूल त्या यादीत नाही. असं एखादं मूल खरंच संकटात सापडलं आणि समितीपुढे न्यावं लागलं, तरी ते प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत न्यावं लागतं. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय मानायचा, आधी घर, हे कायद्याच्या मूलतत्त्वांमध्येच लिहिलेलं आहे.

पोलीस कधी मुलांना हटकतात का? हटकतात, हे मी पाहिलंय. गणवेशातली तीन पोरं अकरा वाजता टेकडीवर दिसली तर हवालदार विचारेलच, कुठली शाळा रे, घरचा नंबर दे. ती विचारपूस आहे आणि एखाद्या वेळी ती मुलाला वाचवतेही. २०२२ मध्ये उत्तर प्रदेशच्या बालहक्क संरक्षण आयोगानं तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलं होतं की शाळेच्या वेळेत गणवेशातल्या मुलांना बागा, मॉल, उपाहारगृहांत येऊ देऊ नये. त्याच्या बातम्या तेव्हा खूप फिरल्या. ते पत्र त्या राज्यातलं, तेही प्रवेश देऊ नका म्हणणारं. त्यातून 'उचलून टाकणार' झालं.

"आईवडिलांना तीन वर्षं तुरुंग, एक लाख दंड"

हे आकडे खरे आहेत, पण दुसऱ्याच गोष्टीचे. बाल न्याय कायद्याचं कलम ७५ मुलावरच्या क्रौर्याबद्दल आहे. मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याला मारहाण केली, टाकून दिलं, छळलं किंवा जाणूनबुजून अशी हेळसांड केली की मुलाला विनाकारण शारीरिक किंवा मानसिक यातना व्हाव्यात, तर तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाख दंड, किंवा दोन्ही. याच कलमात पुढे म्हटलंय की जन्मदात्यांना हाताबाहेरच्या परिस्थितीमुळे मूल सोडावं लागलं असेल तर ते जाणूनबुजून केलं असं मानायचं नाही. मुलाला सोडून द्यावं लागलेल्या आईच्या लाचारीचीही ज्या कलमानं दखल घेतली, ते कलम सकाळी सहाला कामावर निघणाऱ्या आणि मुलगा शाळेत पोचला की नाही हे दुपारी तीनला कळणाऱ्या बाईच्या डोक्यावर कुणीतरी टांगून ठेवलं.

पालकांना खरंच जबाबदार धरणारा एक कायदा आहे, तो बालकामगारांचा. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणाऱ्या मालकाला सहा महिने ते दोन वर्षं कैद, किंवा २० ते ५० हजार दंड, किंवा दोन्ही. पालकांनी मुलाला पैशांसाठी कामाला लावलं तरी पहिल्या वेळी त्यांना शिक्षा नाही, तोच प्रकार पुन्हा झाला तर दहा हजारांपर्यंत दंड.

माझ्या वर्गातल्या त्या मुलाचं प्रकरण इथेच येतं. तो मार्केट यार्डात मामाच्या गाळ्यावर जात होता. पहाटे चारला, लसूण निवडायला आणि पोती लावायला. आईला वाटत होतं, घरचाच माणूस आहे, त्यात काय. कायदा घरच्या धंद्यात मदत करू देतो आणि मामा कुटुंबात धरला जातो, हेही खरं. पण ती मदत शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत अजिबात नाही, असं २०१७ चे नियम सांगतात. पहाटे चारला उठलेलं बारा वर्षांचं पोर दुपारच्या शाळेत येऊन काय शिकणार? मी मामाला जाऊन भेटले. त्याला हा नियम माहीत नव्हता, तो भांडला नाही.

"पहिलीपासून ७५ टक्के, नाहीतर परीक्षा नाही"

पहिली ते आठवीला असा नियम नाही. ७५ टक्क्यांची अट दहावी-बारावीच्या बोर्डाच्या परीक्षांना आहे. आजारपण वगैरे कारणांसाठी सवलतीची सोय राज्य मंडळातही आहे आणि सीबीएसईतही. ज्याची शाळा पूर्ण सुटली आहे त्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी-बारावी देता येते.

या अटीबद्दल मला वेगळंच बोलायचं आहे. अकरावी-बारावीला नाव एका कॉलेजात आणि दिवसभर क्लासला, हा प्रकार या शहरात कुणाला माहीत नाही? लाखो रुपये भरून पालक स्वतः मुलाची गैरहजेरी विकत घेतात. त्याला आळा घालायला २०१८ मध्ये राज्यानं विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. २०२४ मध्ये सीबीएसईनं अशा नावापुरत्या शाळांची मान्यता काढून घेतली. त्या पालकांच्या ग्रुपवर 'सावधान, पोलीस येणार' असा मेसेज फिरलेला मी पाहिलेला नाही. घाबरवलं जातं ते जनता वसाहतीला.

"परदेशात असंच करतात म्हणून मुलं शिकतात"

करतात, किंवा करत होते, हे खरं. त्याचं काय झालं ते मेसेजमध्ये नाही.

इंग्लंडमध्ये १९९६ च्या शिक्षण कायद्याखाली पालकांवर खटला होऊ शकतो. २००२ मध्ये बॅनबरी गावातल्या एका आईला मुलींच्या गैरहजेरीसाठी साठ दिवसांची कैद झाली, अपिलात ती अठ्ठावीसवर आली. आजही तिथे दंडाच्या नोटिसा निघतात, ऑगस्ट २०२४ पासून २१ दिवसांत भरला तर ८० पौंड, नंतर १६०.

अमेरिकेत टेक्सास राज्यानं तर शाळा बुडवणाऱ्या मुलांनाच मोठ्यांच्या फौजदारी न्यायालयात उभं केलं. वर्षाला लाखाच्या वर खटले. पाचशे डॉलरपर्यंत दंड, तो भरला नाही तर पुढची भानगड, आणि मुलाच्या नावावर गुन्ह्याची नोंद. त्यात भरडली गेली ती बहुतांशी गरीब घरची मुलं. शेवटी २०१५ मध्ये टेक्सासनंच तो गुन्हा रद्द केला. पेनसिल्व्हेनियात २०१४ साली सात मुलांची एक आई, मुलांच्या गैरहजेरीचे साचलेले दंड भरता आले नाहीत म्हणून दोन दिवसांच्या कैदेसाठी तुरुंगात गेली आणि तिथेच वारली. पंचावन्न वर्षांची होती. दोन वर्षांनी त्या राज्यानं कायदा बदलला. आता तिथे कोर्टात जाण्याआधी शाळेला मूल आणि पालकांना बोलावून, मूल का येत नाही हे विचारून, काय करायचं ते लिहून ठरवावं लागतं.

हे वाचताना मला आमची गृहभेट आठवली. ज्या गोष्टीपर्यंत ते इतकी वर्षं आणि एक जीव घालवून आले, ती आपल्या कायद्यात आधीपासून आहे. करायला माणूस आणि वेळ हवा. महाराष्ट्रात शिक्षकांमधूनच बालरक्षक, म्हणजे शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणणारे, उभे राहिले, २०२२ च्या जुलैमध्ये 'मिशन झिरो ड्रॉपआउट' झालं, तेव्हा घरोघर फिरून आम्ही मुलं आणली. मग निवडणुकीचं काम आलं, मतदारयाद्या आल्या, माहिती भरायच्या लिंका आल्या. गृहभेट सगळ्यात आधी मागे पडते, कारण तिचा फोटो आणि टक्केवारी कुणी त्याच दिवशी मागत नाही. मेसेज पाठवणाऱ्याला तळमळ असेलच तर त्यानं आपल्या शाळेच्या शाळा व्यवस्थापन समितीत जावं. तिथे पंचाहत्तर टक्के सदस्य पालकच असतात. किती मुलं महिनाभर आली नाहीत, त्यांतल्या किती घरी कुणी गेलं, हे दोन प्रश्न बैठकीत विचारावेत.

त्या आईला मी यातलं थोडंच सांगितलं. नाव कमी होणार नाही, पोलीस येणार नाहीत, उद्यापासून पाठव. ती म्हणाली, "बाई, मला पटलं, पण मी सांगून बाकीच्यांना पटायचं नाही. तुम्हीच बोला ना यात." आणि वस्तीतल्या बायकांचा ग्रुप उघडून, रेकॉर्डिंगचं बटण अंगठ्यानं दाबून तिनं फोन माझ्या तोंडापुढे धरला. मधली सुट्टी संपल्याची घंटा त्या आवाजात आली आहे.

मंगळवारी मुलगा आला. बोटांना अजून लसणाचा वास होता. बुधवारी टीव्ही चालू असलेल्या घरातली मुलगी आली, तिला बाकावर बसायला जागा करून दिली, कुणी काही विचारायचं नाही असं मी वर्गाला आधीच सांगून ठेवलं होतं. तिसऱ्या घराला आजही कुलूप आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की पुन्हा जाणार आहे.